निळ्या डब्याची पाच काडतुसं

सोळा वर्षं पलटणीत काढली. आता पोस्टिंग अबुधाबीबाहेर वाळवंटात, एका अरबाबाच्या खासगी रेंजवर. अरबाब म्हणजे मालक. सत्तरीचा माणूस, हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलतो. बंदुका पुसायच्या, टार्गेट लावायचं, चहा करायचा. मी दहावी काठावर पास, पण मिशा आहेत म्हणून इथं मला एक्स्पर्ट म्हणतात.

अरबाबाकडं आजोबांची एक जुनी रायफल आहे. एका वेळी एकच काडतूस, वर उघडा घोडा, म्हणजे ट्रिगर दाबला की काडतुसावर आपटणारी हातोडी. तिला बंदुकीची काळी दारू लागते, आणि काडतुसं हातानं भरावी लागतात. जानेवारीत त्यानं दोन कंपन्यांचे दारूचे डबे आणले, एक लाल, एक निळा. दोन्हीची पाच-पाच फायर करून कुठली बरी ते बघायचं. मला विचारलं, भरता येतं ना? मी म्हणलं, येस सर. खरं तर फौजेत काडतुसं तयार पेटीतनं येतात. मी जन्मात एक भरलं नव्हतं.

लालची पाच त्यानं स्वतः भरून दाखवली. दारू गोळीच्या बुडापर्यंत ठासून. मधे हवा राहिली तर नळी फुटते, हे दोनदा बजावलं. निळीची मी भरली. पलटणीच्या लंगरात पंगतीला डाळ वाटायचो तशी. कुणाला कमी नको, जास्त नको. लालचं जेवढं वजन, तेवढंच निळीचं, काट्यावर तोलून.

सहा चाळीसला फायर सुरू. लाल झकास. पाची भोकं तळहाताएवढ्या जागेत. ओली चिंधी दोनदा फिरवली की नळी साफ. वहीत लिहिलं.

सात पाचला निळी. अरबाबानं पहिलं काडतूस घातलं, घोडा मागं ओढून ठेवला, कानावर मफ चढवले, गाल टेकवला. टार्गेट बदलणारा बशीर तिकडच्या खड्ड्यातनं वॉकीटॉकीवर बोलला, "रेंज क्लिअर." मी अरबाबाच्या खांद्यावर थाप मारली. म्हणजे फायर.

उरलेल्या चारातलं एक काडतूस मी उगाच हातात खेळवत होतो. आत खुळखुळलं. कानाशी नेलं. परत खुळखुळलं. निळी दारू जड. तेवढ्याच वजनात जागा कमी भरली, वर हवा राहिली. पाचातही तेच. आणि एक त्याच्या गालाशी.

"थम!" म्हणून ओरडलो. मफ घातलेल्या माणसाला. तेही शेळीच्या आवाजात. त्याचं बोट ट्रिगरवर आवळत होतं. मी अंगठा घोड्याखाली घातला.

घोडा पडला. नख गेलं.

"पागल हो गया क्या?"

"मैंने गलत भरा, अरबाब. अंदर हवा है."

त्यानं घोडा मागं घेतला, मी अंगठा सोडवला. काडतूस बाहेर काढून त्यानं कानाशी हलवलं. आत खुळखुळलं. बशीर रेडिओवर विचारत होता, फायर का नाही.

"खलास," अरबाब म्हणाला. म्हणजे बास, आजचं फायर बंद.

हॉस्पिटलला त्यानंच गाडी चालवली. मी म्हणलं, सीट खराब झाली तर घाबरू नका, ते रक्तच असेल. तो हसला नाही. म्हणाला, "ये किसने सिखाया?"

घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. रिक्रूट होतो. ग्रेनेड रेंज, सकाळी नऊ वीस. पिन काढली आणि घामट हातातनं ग्रेनेड माझ्याच पायाशी पडला. मी नुसता बघत राहिलो. आम्हाला शिकवणाऱ्या शेलार उस्तादांनी मला भिंतीपलीकडं फेकलं. त्यांना स्वतःला पलीकडं यायला वेळ मिळाला नाही. जागीच गेले. वय चौतीस. मुलगी दीड वर्षाची.

अरबाबानं गाडी कडेला घेतली. "नाम फिर से बोलो."

"हवालदार शेलार."

त्यानं दोन्ही तळहात पुढं धरले आणि ओठात काहीतरी म्हणू लागला. मला त्यांची दुआ येत नाही. मी सीटबेल्टमधेच सावधान झालो, आणि तो संपवेपर्यंत तसाच बसलो.