रस्ता वारला, त्या दिवशी

शेवटचे आम्ही दोघांनी सोबत तर्री-पोहे खाल्ले, बस स्टँडसमोर, उभ्या उभ्या. मी तिथं पेपर विकायचो आणि ते त्याच पेपरचे संपादक होते. बायको गेल्यापासून माझ्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पोहे हेच जेवण. ते रोज यायचे आणि पहिला सवाल एकच, "आज कोन हसलं?" पहिल्या पानावर खून असला तरी हाच.

तुम्ही गोंदियाचे असाल तर त्यांचा तिसऱ्या पानावरचा कोपरा वाचला असेल. एकदा त्यांनी बंद नळाचा वाढदिवस छापला, हार घातलेल्या फोटोसकट. मी चौथी शिकलेला. बारीक अक्षर तेच वाचून दाखवायचे. माझ्याआधी स्वतःच हसायचे, पोह्यावरची तिखट तर्री नाकात जायची.

बायकोच्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे आमच्यात माणूस गेल्यावर ठेवतात त्या कार्यक्रमाची, सूचना त्यांनीच लिहिली. फोटो निवडून म्हणाले, "यात वहिनी रागावलेली नाई दिसत."

त्या दिवशीही त्यांनी विचारलं, "आज कोन हसलं?"

"सगळेच हसून राहिले, साहेब. पान तीन पाहा."

त्यांनी पान उघडलं. आमच्या टोलीचा, म्हणजे वस्तीचा, रस्ता वारला, असा त्यांचा विनोद होता. काळी चौकट, आत खड्ड्याचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून आमच्या पुढाऱ्याचं नाव. आणि बाजूला तशाच चौकटीत माझी बायको, तीच सूचना, तोच फोटो. छापखान्यात कोणीतरी जागा दिसली म्हणून तिला तिथं बसवलं होतं.

तेवढ्यात पुढाऱ्याची दोन माणसं मोटारसायकलवर आली. मला म्हणाली, "काका, आपकी घरवाली का मजाक उडाया इसने. थाने चलो, रिपोर्ट दो. बाकी हम देख लेंगे."

संपादक म्हणाले, "पुढाऱ्याचं नाव मीच टाकलं. त्याची माफी नाई मागत. जा, पेपरच्या मालकाले सांगा."

मला राग आला. त्या दोघांना म्हटलं, "ठाण्यात कायले जाऊ? खोटं काय लिवलं साहेबानं? माही बायको त्याच रस्त्यानं दवाखान्यात जाऊन राहिली होती. आटो खड्ड्यात फसला. तिथंच गेली ती, माह्या मांडीवर. आना तुमच्या पुढाऱ्याले, जागा दाखवतो."

माणसं किक मारून गेली. मला वाटलं, वाचवलं साहेबांना.

ते प्लेट धरून तसेच उभे. "हे मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाई."

"मी त्या रस्त्यावर हसून राहिलो होतो गा," म्हणाले, आणि प्लेट खाली ठेवली.

दुपारी त्यांनी राजीनामा दिला. मालक म्हणे, एक माफी छापू, तुम्ही खुर्ची सोडू नका. ऐकलं नाही. लोक म्हणतात, पुढाऱ्याला घाबरले. झूट आहे. संध्याकाळच्या गाडीनं मुलीकडे रायपूरला गेले, मला न भेटता. परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा आला. पहिल्याच पानावर मालकानं पुढाऱ्याची माफी मागितली होती. बायकोचीही माफी असेल म्हणून तिचं नाव मी सगळ्या पानांवर बोट फिरवून शोधलं. कुठंच नव्हतं. सुतळी परत बांधली, गठ्ठा सायकलवर घातला आणि मालकाच्या दारात टाकून आलो.