सुकरामचं गप्प बसणं

सुकराम मरसकोल्हेने उभ्या आयुष्यात कुठल्या सभेत आवाज चढवला नव्हता. दरेकशाच्या डोंगराआड त्याचं गाव, तिथे तशी गरजच पडत नसे. मोहाच्या झाडाखाली बैठक बसे, आणि एखाद्याला बोलणं पटलं नाही की तो मान खाली घालून गप्प राही. मग बाकीचे थांबत. "काऊन चूप बसलास गा?" म्हणून विचारत. तो मन मोकळं करीपर्यंत बैठक उठत नसे, मग घरी भात निवून का जाईना.

असा माणूस गावाने गोंदियाला पाठवला. जिल्ह्यातल्या साऱ्या संस्था मिळून सरकारकडे मागण्यांचा एकच मसुदा देणार होत्या. धानवाले होते, मासेमारीवाले होते, जंगलहक्कवाले होते. सुकरामची मागणी एकच होती, तालुक्याच्या दवाखान्यात रक्त ठेवा. त्याचा थोरला देवेंद्र सिकलसेलचा. होळीच्या आधी त्याला रक्त लागलं, तालुक्याला नव्हतं, आणि गोंदियाची अर्धी वाट सरायच्या आत पोरगा बापाच्या मांडीवर गेला. आता धाकटी भाग्यश्री उरली, तिलाही तोच आजार. निघताना ती म्हणाली, "बा, आपली गोठ लिवूनच येजो." गोठ म्हणजे गोष्ट, ही रक्ताची.

सभागृहात मराठी चालली होती, हिंदी चालली होती आणि संस्थांची म्हणून एक तिसरीच भाषा चालली होती. सुकरामने उभं राहून देवेंद्रचं सांगितलं. लोकांचे डोळे भरले, खोटं कशाला बोलू? हा सगळा घाट घालणाऱ्या योगेश्वरीताई बिसेन तर पदराने डोळे टिपत होत्या. बाई मनाच्या चांगल्या. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही, म्हणून तर जिवाची जास्त चडफड होते.

दुपारी मसुदा वाचला गेला. मुंबईत दहा मागण्यांपुढे कोणी वाचत नाही म्हणे, तेव्हा सगळ्यांचं सगळं दहात कोंबलेलं. आरोग्याखाली आलं, 'ग्रामीण आरोग्य व्यवस्थेचे बळकटीकरण करण्यात यावे.' रक्ताचं नाव नव्हतं.

शेजारी नवेगाव बांधचा केवळराम बसला होता, मासेमारीवाला. सुकरामने त्याला विचारलं, "यात माही गोठ कोठी हाय?"

"त्यातच आली ना सारी," केवळराम म्हणाला. त्याच्या तलावाची मागणीही अशीच कशात तरी आली होती.

"कोणाची हरकत?" ताईंनी विचारलं.

सुकरामने मान खाली घातली आणि तो गप्प बसला. सारा जीव एकवटून गप्प बसला. आता सभा थांबेल, आता कोणीतरी विचारेल.

टाळ्या पडल्या. एकमताने मंजूर! जळो मेलं ते एकमत! सभागृह पाचला रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून जो तो फोटोसाठी धावला. ताईंनी सुकरामला आग्रहाने पुढच्या रांगेत उभं केलं. "सुकरामभाऊ, तुमच्यामुळे आरोग्याचा मुद्दा किती जोरदार झाला!"

"ताई, रक्त..."

"येईल हो, त्यातच सगळं येईल. इकडे बघा, कॅमेऱ्यात."

एक 'नाही' म्हटलं असतं तर? परतीच्या गाडीत त्याने तो शब्द मनातल्या मनात कितीदा म्हणून पाहिला. आता म्हणता येत होता. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

गावात पोचला तेव्हा भाग्यश्री ओसरीवर पाय चोळत बसली होती. सकाळपासून तिचे सांधे ठणकत होते. बापाला पाहून ती सावरून बसली.

"लिवली का आपली गोठ?"

सुकराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याची मान आपोआप खाली गेली.

भाग्यश्री थांबली. तिच्या गावात थांबतात तशी थांबली. मग हळूच म्हणाली, "काऊन चूप बसलास, बा?"

दिवसभर तो याच एका प्रश्नाची वाट पाहत होता. आता तो विचारला गेला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना.