आर्लिसचा डावा खांदा

आर्लिस त्वेटचा उजवा खांदा मार्चपासून तिचा राहिला नव्हता. शहरातल्या दवाखान्यात उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंतची कातडी मुकी झाली. कढत पाणी ओतलं काय नि बर्फ ठेवला काय, तिथं सगळं सारखंच. जाणीव हळूहळू येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आर्लिसने मान हलवली. तेव्हापासून ती सगळ्यालाच मान हलवत आली होती. गहू पेरला, गहू कापला. चर्चमधल्या बाया आळीपाळीने जेवण घेऊन आल्या नि रिकामी भांडी घेऊन गेल्या. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. आर्लिसने हे सगळं पाहिलं, चालत्या मोटारीच्या काचेतून दुसऱ्याचं शेत पाहावं तसं.

मग ऑक्टोबर आला, रानातली पानं पिवळी झाली आणि घराघरांतून बंदुका बाहेर निघाल्या.

लग्न होऊन या मोंटानाच्या माळावर आली तेव्हापासून पूर्वेकडच्या घळीतली एक हरिणी दरसाल आर्लिसची असे. एका गोळीत ती जनावर पाडी. जखमी करून सोडलेलं जनावर तिच्या नावावर एकही नव्हतं, आणि हा तिचा अभिमान ती कुणाला सांगत नसे, कारण तो सगळ्यांना ठाऊक होता.

"यंदा तू घरी पॅनकेक कर," नवरा व्हर्न नाश्त्याला म्हणाला. "माझं एक हरीण दोघांना पुरेल."

"माझं मी मारीन," आर्लिस म्हणाली.

कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हणाली होती. व्हर्नचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला गेला आणि नवीकोरी रायफल घेऊन आला. "उचलून बघ, नुसता कापूस! दुकानदार म्हणाला, खास बायकांसाठी केलीय."

खडीच्या खाणीत त्याने कागदाचं निशाण उभं केलं. आर्लिस गोळ्या झाडत राहिली. दर वेळी नळी आभाळाकडे उसळे आणि आर्लिस मागे रेटली जाई.

"लागतंय का गं?"

"नाही."

"मग झालं तर!"

निशाणावरची भोकं मात्र वाटेल तिकडे विखुरली होती. संध्याकाळी न्हाणीघरात तिने सदरा काढला. खांद्यापासून शस्त्रक्रियेच्या वणापर्यंत पिकल्या आलुबुखारासारखा काळानिळा डाग पसरला होता. तिने बोट दाबून पाहिलं. काही नाही. टॉवेल द्यायला आलेला व्हर्न तो डाग बघून टबच्या काठावरच बसला.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"मला तरी कुणी सांगितलं?" आर्लिस म्हणाली, आणि तिने सदऱ्याची बटणं लावली.

गावात धान्याच्या कोठारामागे म्हाताऱ्या हॅल्व्हरची बंदुका दुरुस्त करायची खोली आहे. तेलाचा आणि अक्रोडाच्या लाकडाचा वास आत गेल्यावर अंगाला चिकटतो. हॅल्व्हरने नवी रायफल तळहातावर तोलली.

"हे रत्न कुणी निवडलं?"

"मी," व्हर्न म्हणाला. "हिला जड उचलायला मनाई आहे. ही हलकी आहे."

"हलकी! अरे, शेतकरी ना तू? बंदुकीला वजन असलं तर ती धक्का आपल्या पोटात घेते. वजन नसलं तर बायकोच्या पदरात टाकते."

"पण बायकांसाठीच केलीय म्हणे."

"केलीय ना. दस्त्यावर जांभळी वेलबुट्टी आहे बघ. तेवढीच बायकांसाठी." मग तो आर्लिसकडे वळला. "डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा. नळीवरच्या दुर्बिणीत काय दिसतं?"

"काळोख. कडेला थोडा उजेड."

"दस्ता लांब आहे, गाल टेकत नाही. आणि खांद्यात बसलीय का?"

"ठाऊक नाही."

हॅल्व्हरने रायफल तिच्या हातातून काढून घेतली. "मी बंदूक बघून बंदूक देत नाही, बाई, तोंड बघून देतो. नीट बसली की माणसाच्या तोंडावर उमटतं. तुमच्या तोंडावर काहीच उमटत नाही."

"तिला बोलू नका हॅल्व्हर," व्हर्न एकदम तडकला. "ती काय मुद्दाम—"

"डावा खांदा अजून माझा आहे," आर्लिस म्हणाली.

आवाज असा, की जणू घरात बटाटे शिल्लक आहेत हे सांगतेय. हॅल्व्हर उठला आणि कोपऱ्यातून एक रायफल घेऊन आला. जाड नळीची, काळपट, रूप असं काही नसलेली. गोळी मात्र बारीक.

"नॉर्वेतले आपले वाडवडील याच गोळीने घोड्याएवढं सांबर लोळवायचे. जागेवर लागली की पुरते. उचलायला जड आहे, व्हर्न, पण उचलून तू दे की. धक्का काही तुला वाटून घेता येणार नाही."

दस्त्याचं टोक त्याने तिच्या डाव्या कोपराच्या खोबणीत टेकवलं, बोट चापापर्यंत पोचतं का पाहिलं, आणि जास्तीचं लाकूड करवतीने कापून काढलं. तिथं रबराची गादी बसवली, गालाच्या जागी लोकरीचा मऊ नमदा चिकटवला. नेम डाव्या डोळ्याने धरायचा म्हणून तिच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी लावली.

"भरायची खिट्टी मात्र पलीकडच्या अंगाला येणार. दुसरी गोळी झटकन भरता येणार नाही हो."

"दुसरी लागत नाही," आर्लिस म्हणाली.

व्हर्नने खिडकीकडे तोंड करून मोठ्याने नाक शिंकरलं.

डावा हात शाळेत पहिल्यांदा बसलेल्या पोरासारखा वागला. खाणीत ती रोज जाऊ लागली. ही रायफल लाथ मारत नव्हती. चर्चच्या बाकावर कुणी खांद्याला हात लावून 'जरा सरक' म्हणावं, तेवढंच.

"लागतंय?" व्हर्न विचारी.

"कळतंय."

हंगामाच्या पहिल्या सकाळी धसकटांवर दहिवर पांढरं पडलं होतं. नारिंगी जाकिटं घालून दोघं घळीच्या काठावर बसली. जड रायफल व्हर्नने वाहून आणली होती. थंडीने आर्लिसची बोटं लाकडासारखी झाली होती.

उजेड वर चढला आणि हरिणी खालच्या झुडपांतून बाहेर आली. एकटी, पिल्लू नसलेली. आडवी उभी राहिली. आर्लिसने रायफल उचलली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दस्ता उजव्या खांद्याला गेला. चिकटपट्टीमागे सगळं धुरकट. दस्ता हाडावर आहे की वणावर, तिला कळेना. तिने खांद्याला मनातल्या मनात विचारलं. खांदा काही बोलला नाही.

"मार ना," व्हर्न कुजबुजला.

आर्लिसने रायफल खाली घेतली. हरिणीने मान वर केली, कान टवकारले, चार पावलं चालली. गेली, असं व्हर्नला वाटलं. आर्लिस घाई न करता, अंगणातली खुर्ची सरकवावी तशी, रायफल डावीकडे घेऊन आली. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसला. गाल नमद्याला टेकला. बसला आहे, हे तिला कळलं. हरिणी झुडपाजवळ थांबून मागे वळून पाहू लागली.

एकच आवाज झाला. हरिणीचे पाय तिच्याखालून निघून गेले आणि ती पुन्हा हलली नाही.

खाली उतरून व्हर्नने मागचा पाय धरला. आर्लिसने पोट फाडलं. वाफ दोघांच्या तोंडापर्यंत आली. तिने दोन्ही हात आत घातले. आधी काहीच नाही. मग मुंग्या आल्या, आणि मग सगळी बोटं एकदम ठणकू लागली. दारात अडवलेली माणसं आत घुसावीत तसं रक्त परत येत होतं. काम संपलं तरी तिने हात बाहेर काढले नाहीत.

"लागलं का?" व्हर्नने हलकेच विचारलं.

"हो," आर्लिस म्हणाली. "डावीकडे. थोडंसं."

व्हर्नने धरलेला पाय खाली ठेवला. "कलेजी आजच तळायची?"

"आजच," ती म्हणाली. "कांदा जास्त घाल."