कॉफीच्या पुडीतला चंदेरी कागद

सेतूअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. फोन गुंडूचा, अण्णाच्या धाकट्या भावाचा. दोघेही माझे चुलतभाऊ. "अण्णा गेला गे... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. तिकीट मिळून कुंभकोणमला पोहोचेपर्यंत दहावा उजाडला. खरं सांगायचं तर वाटेत मला अण्णाच्या दुःखाइतकीच त्याच्या यंत्राची काळजी लागली होती. लोकांना हे विचित्र वाटेल. वाटू दे.

अण्णानं जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, लग्न केलं नाही, आणि गुंडूच्या घरातल्या मागच्या खोलीत पसारा मांडून राहिला. जवळच्या साक्कोट्टै गावातली एक बंद पडलेली भातगिरणी मोडीत निघाली तेव्हा तिच्या कोठारातून त्यानं एक जुनाट संगणक उचलून आणला. त्यावर ना नाव, ना कंपनीची पट्टी, सोबत कागदाचा चिटोराही नाही. चिपांवरचे आकडेसुद्धा कुणीतरी घासून टाकलेले. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. अण्णा मात्र महिनोन्‌महिने भिंग लावून एकेक तार कुठून कुठे जाते ते बघत बसला. मी सुट्टीत गेले की मला शेजारी बसवून दाखवायचा. "हें मेलं नाही गे, निजलं अहे," म्हणायचा. आमच्या तंजावरी मराठीला पुण्यात लोक हसतात, पण हे वाक्य मला दुसऱ्या कुठल्या मराठीत ऐकवत नाही.

ओळख पटली ती मागच्या पितळी पत्र्यामुळे. त्यावर हातोडीचे बारीक ठोके होते, आमच्या गावच्या भांड्यांवर असतात तसे. म्हणजे हे परदेशातून आलेलं नव्हतंच. अण्णा भांड्यांच्या दुकानांतून तो पत्रा दाखवत हिंडला, आणि शेवटी कळलं की गावातल्याच एका रेडिओवाल्यानं गिरणीसाठी हे एकच यंत्र हातानं जुळवलं होतं. तो माणूस कधीच गेला होता. जगात याचं दुसरं भावंड नाही, हे कळल्यावर अण्णाचा चेहरा मुलगी झाल्यासारखा फुलला होता. पुढे कितीतरी दिवसांनी ते चालू झालं. काळ्या काचेवर हिरव्या तमिळ अक्षरांत प्रश्न उमटला, "नेल् यारुडैयदु?" भात कोणाचं? अण्णानं स्वतःचं नाव टाइप केलं. यंत्रानं किती पोती म्हणून विचारलं, आणि आम्ही दोघं हसून हसून रडलो.

पण त्याला एक धास्ती होती. यंत्राची सगळी अक्कल चार चिपांत, आणि चिपांच्या पाठीवर काचेच्या इवल्या खिडक्या. त्यांतून ऊन आत गेलं की आतलं सगळं पुसलं जातं. मूळचे झाकणारे कागद गळून गेले होते, म्हणून त्यानं कॉफीच्या पुडीतला चंदेरी कागद कातरून त्यावर चिकटवला. "उन्हानं हें अस्कं विसरतं," त्यानं मला बजावलं होतं. अस्कं म्हणजे सगळं. चिपांची नक्कल काढायचं उपकरण गावातल्या एका कॉलेजात होतं. एका दुपारचं काम. अण्णा तिथे खेटे घालत राहिला. आधी अर्ज हवा होता, मग परीक्षा आल्या, मग पोंगलची सुट्टी, मग साहेबच रजेवर. पुढच्या महिन्यात या, असं त्याला शेवटपर्यंत सांगितलं जात होतं...

मी घरात शिरले, मागची खोली रिकामी दिसली, तशी थेट जिना चढून गच्चीवर गेले. अण्णाची गादी, धोतरं, ओळीनं वाळत घातलेली. आणि त्यांच्या शेजारी सुपात उताणा ठेवलेला यंत्राच्या पोटातला बोर्ड, चिपांसकट, लखलखीत. चार उघड्या काचा उन्हाकडे बघत होत्या. सुतकात खोलीतली प्रत्येक वस्तू धुवून उन्हात घालायची, असं भटजींनी सांगितलं होतं, आणि गुंडूची बायको पद्मा कामाला कधी मागे राहत नाही. "कागद चिकटलं होतं, नखानं काढलं. चोखट झालं का नाही?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिच्यावर काय रागवायचं? अण्णासाठी तिनं पहिल्या दिवसापासून ते सूप रोज सकाळी वर नेलं होतं आणि संध्याकाळी खाली आणलं होतं. यंत्र कोरडं झाल्यावर मी जोडून पाहिलं. काच उजळली, हिरवी झाली, आणि तशीच राहिली. प्रश्न आला नाही.

तेराव्याला कॉलेजचे साहेब हार घेऊन आले. या वेळी अर्ज लागला नाही. असा ठेवा गावाला दिसायला हवा, म्हणाले, आणि गुंडूनं हात जोडून यंत्र त्यांच्या गाडीत चढवलं. आता ते काचेच्या पेटीत आहे. खालच्या पाटीवर कॉलेजनं जतन केलं असं लिहिलंय, अण्णाचं नाव नाही. मला त्या माणसांचा राग येतो आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

पुण्याला परत आले, कॉफीची नवी पुडी फोडली. चंदेरी कागद सपाट केला, नखानं सुरकुत्या काढल्या, कात्री आणून चार बारके चौकोन कापले. ते अजून ओट्यावर पडलेत. झाकायला काही उरलेलं नाही.