विमानांना कुंकू

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि मला सासू-सासऱ्यांबरोबर काशीला जावं लागलं. परतताना दिल्लीत मामंजी हटूनच बसले. एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती आणि लढलेली विमानं त्यांना बघायचीच होती. म्हणून आम्ही विमानांच्या संग्रहालयात गेलो.

मामंजींची हयात घोडेगावच्या बाजारात बैल पारखण्यात गेलेली. त्यांनी एका जुन्या विमानाभोवती फेरी मारली, पोटाखाली वाकून पाहिलं आणि अंगावर थाप मारली. पहाऱ्यावरचा जवान धावत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सूनबाई, इचार त्येला, ह्ये आता उडतं का?"

मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. म्हातारं झालंय, आता इथंच असतं, असं जवानानं सांगितलं.

"म्हंजी बाजार न्हाई दाखवला, दावणीलाच ठिवलं. लई बेस!" मामंजी खूश झाले. आमच्या घरी थकलेला बैल विकत नाहीत. पोळ्याला त्याचीही पूजा होते. मामंजींचं बोलणं ऐकताच सासूबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली, आणि मी "अहो आत्याबाई" म्हणेपर्यंत विमानाच्या नाकावर बोट टेकवलंसुद्धा.

आता हाकलतात, असं मला वाटलं. जवानानं त्या कुंकवाकडे पाहिलं आणि शेजारच्या विमानाकडे हात केला. "माताजी, इसने क्या बिगाड़ा है?"

सासूबाई रांगेनं निघाल्या. शेवटच्या थोरल्या विमानाच्या नाकापर्यंत त्यांचा हात पोचेना. जवानानं स्टूल आणलं.

मी डबी घेतली, पदर खोचला आणि वर चढले.