निम्मं कर म्हणणारा

कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली, तरी वर्गातल्या कुणाला सर्दी झाली की पहिली शिंक मला ऐकू येते. कुणाची बायपास, कुणाच्या मुलीचं अमेरिकेतलं घर, कुणाच्या जावयाचं त्याहून मोठं घर, सगळं आधी माझ्याकडे येतं, माझ्याकडे जरा फुगतं आणि मग ग्रुपवर जातं. मध्ये एकाचा गुडघा बदलायचा होता. बातमी माझ्याकडून पुढे सरकेपर्यंत त्याचे दोन्ही गुडघे बदलून झाले होते आणि तो सिंहगड चढून उतरलाही होता. बिचाऱ्याला अभिनंदनाचे फोन हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या घ्यावे लागले.

एकच माणूस या ग्रुपवर नाही. तो धायरीचा. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा धायरी हे चांगलं शेतांचं गाव होतं आणि तो तिथून बसनं यायचा, फडक्यात बांधलेल्या भाकरीसकट. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मी बोलायचो आणि तो कापायचा.

एकदा कँटीनमध्ये मी सांगत होतो, की इथला वडा माझ्या हातातून निसटला आणि खालच्या तीन फरश्या फुटल्या. टेबलाभोवती पन्नासेक पोरं जमली होती. बरं, पंधरा. त्यानं भाकरीवरून नजरसुद्धा उचलली नाही.

“निम्मं कर,” तो म्हणाला.

“ठीक आहे. दीड फरशी.”

“अजून निम्मं.”

“वडा पडला,” मी म्हणालो.

“मग उचल आन् खा.”

पोरं हसली ती त्याच्या बोलण्याला, पण कौतुक झालं माझ्या गोष्टीचं. असं रोज चालायचं. तो कापणार हे ठाऊक असल्यामुळे मी बिनधास्त वाढवायचो. कपडे उसवायला शिंपी शेजारीच बसलेला असला, की माणूस कितीही ढगळ शिवतो.

पुढे त्याच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यानं तिथेच नळ, पाइप, सिमेंटचं दुकान टाकलं. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. जाणं-येणं सुरुवातीला होतं. त्याच्या मुलीच्या बारशाला मी शंभर जिलब्या खाल्ल्या होत्या आणि त्यानं सगळ्या पाहुण्यांदेखत त्या अकरावर आणल्या होत्या. मग सिंहगड रस्त्यावरची गर्दी वाढली, किंवा आम्ही तसं म्हणायला लागलो. उरला तो दसऱ्याचा फोन.

फोनवर मी माझ्या स्वभावाप्रमाणे सांगायचो. पहिली काही वर्षं पलीकडून “निम्मं कर” यायचं. एका दसऱ्याला मी सांगितलं, की कारखान्याचा सगळा माल आता माझ्या सहीशिवाय हलत नाही, मालकसुद्धा उठून उभा राहतो. पलीकडून आवाज आला, “वा.” मला वाटलं, रेंज गेली असेल. पुढच्या दसऱ्यालाही “वा, वा”च आलं. मी काय करणार? वाढवत गेलो. कधीतरी तो थांबवेल म्हणून वाढवत गेलो. मुलाला कंपनीनं पंधरा दिवस सिंगापूरला धाडलं, त्याचा मी समुद्राकाठचा फ्लॅट केला आणि दर मे महिन्यात बायकोसकट स्वतःला त्या फ्लॅटच्या बाल्कनीत नेऊन बसवलं.

गेल्या मे महिन्यात आमच्या विश्रांतवाडीच्या वर्गमैत्रिणीनं ग्रुपवर एक फोटो टाकला. लग्नाचं स्टेज, मधोमध नवरा-नवरी, दोन्ही बाजूंना आमचा अर्धा वर्ग गुलाबी फेटे बांधून उभा, आणि कडेला तो. बारशाची ती पोरगी नवरी झाली होती. मी फोटो मोठा करकरून पाहिला. मागे पाणी वाटणाऱ्यांतसुद्धा मी नव्हतो. ही एकच बातमी आधी माझ्याकडे न येता ग्रुपवर गेली होती.

मी त्या वर्गमैत्रिणीला फोन लावला.

“अरे, तू आलास परत?” ती म्हणाली. “तो घरी पत्रिका द्यायला आला तेव्हा मी तुझं विचारलं. म्हणाला, ते मे महिन्यात सिंगापूरला असतात.”

“ते?”

“हो, ते. आधी मला वाटलं, तुझ्या मुलाबद्दल बोलतोय.”

लग्नाच्या दिवशी मी गच्चीवर बनियनमध्ये उभा होतो, टाकीचा नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत.

रविवारी त्याच्या मुलीसाठी साडी घेऊन मी धायरीला गेलो. त्याला चार शिव्या द्यायच्या, आठ खायच्या आणि विषय संपवायचा, असा बेत होता. वाटेत बसमध्ये शिव्यांची उजळणीही केली. तो दारातच होता. केस पांढरे, बाकी तसाच. मला बघितल्यावर त्यानं घाईघाईनं शर्टाचं वरचं बटण लावलं.

“या, या. बसा. अगं, साहेब आलेत, पाणी आण.”

मी आजूबाजूला पाहिलं. साहेब मीच होतो.

“पोरीच्या लग्नाला बोलावलं नाहीस,” मी म्हणालो.

“तुम्ही इथं नसता ना मेमध्ये. तुम्हीच सांगितलेलं.” त्यानं खुर्चीवरचा टॉवेल उचलला. “आन् आमचं आपलं साधं. तुमची पंचाईत झाली असती.”

“मी इथेच होतो. पोरगा पंधरा दिवस गेला होता, तोही ट्रेनिंगला. फ्लॅट नाही, समुद्र नाही, काही नाही.”

तो हसला. सोसायटीच्या सेक्रेटरीशी हसतात तसं. “मोठी माणसं असंच म्हणतात,” तो म्हणाला.

वहिनींनी पोहे आणले. साडी देवापुढे ठेवली गेली. मी मग मुद्दामच वड्याची गोष्ट काढली. म्हणालो, “आठवतं का, वडा पडला आणि पाच फरश्या फुटल्या?”

“हो, हो.”

“पाच काय, सात.”

“असतील.”

“खालच्या मजल्यावर प्राचार्यांच्या टेबलावर जाऊन पडला.”

“असंल. तेव्हाचं सामान मजबूत असायचं,” तो म्हणाला आणि माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

आमचं कँटीन तळमजल्यावर होतं. त्याच्याखाली फक्त माती होती. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

निघताना त्यानं विचारलं, “गाडी कुठं लावली?”

बसनं आलो, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडाला इतक्या वर्षांची सवय. “ड्रायव्हर चौकात थांबलाय,” मी म्हणालो.

“चला, गाडीपर्यंत येतो.”

मी नको म्हणालो, पण त्यांच्याकडे पाहुण्याला उंबऱ्यातून निरोप देत नाहीत. आम्ही दोघं चालत चौकात आलो. चौकात एक रसवंती होती, दोन रिक्षा होत्या आणि बसथांबा होता. गाडी नव्हती. तो क्षणभर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे. बसचं तिकीट डोकावत होतं.

मला वाटलं, आता. आता म्हणेल. मी तर तोंड उघडून तयार होतो, बरं म्हणायला.

“ट्रॅफिक फार असतं हो रविवारचं,” तो म्हणाला. “अडकला असंल ड्रायव्हर. येईल.”

“येईल,” मी म्हणालो.

लांबून बस दिसली तेव्हा त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन वाजला नव्हता. “दुकानात गिऱ्हाईक आलंय, जावं लागंल,” एवढं बोलून त्यानं मला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून केला. मग पाठ फिरवून तो घराच्या दिशेनं चालू लागला. दुकान उलट्या बाजूला होतं.

मी बसमध्ये चढताना आपल्याला दिसू नये म्हणून वळण येईपर्यंत त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. मी खिडकीशी बसून बघत होतो.

रात्री ग्रुपवर विश्रांतवाडीच्या मैत्रिणीनं विचारलं, “भेटलास का त्याला? काय म्हणाला?”

मी लिहिलं, की खूप शिव्या घातल्या त्यानं मला. पाच-सहा जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले. निम्मं कर असं कुणीच म्हणालं नाही.