आमचा इंजिनिअर
पेट्रोलचा वास आला की मला बाबांचं घाटकोपरचं गॅरेज आठवतं. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो, आमच्या घरातला पहिला. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची जुनी लाल स्पोर्ट्स कार उभ्या जागी थरथरत होती. "आज नीट झाली नाही तर वांद्र्याच्या गॅरेजला नेतो," असं बजावून ते गृहस्थ चहाला गेले. बाबा म्हणाले, "मिसिंग मारतेय, इंजिनाचा ठोका चुकतोय." मी म्हटलं, "बाबा, याला रफ आयडलिंग म्हणतात. कार्ब्युरेटर खोलावा लागेल." "इंग्रजीत आजारी पडली म्हणून लगेच ऑपरेशन? आधी ऐक रे तिचं." मी चिडूनच बॉनेटखाली वाकलो. तापलेल्या रबराच्या वासात बारीक फुस्स ऐकू आलं. एका पाइपला चीर होती आणि तिथून इंजिन जादा हवा ओढत होतं. चिरेवर अंगठा दाबला, तशी थरथर थांबली. बाबांनी लगेच नवा पाइप पुढे केला. गृहस्थ परतल्यावर बाबा त्यांना म्हणाले, "साहेब, गाडी हवा खात होती. आमच्या इंजिनिअरनं पकडलं." ते फुस्स बाबांना आधीच ऐकू आलं होतं का, हे मी कधीच विचारलं नाही. ते "आमच्या इंजिनिअरनं" म्हणाले, त्यावर मी आजही खूश आहे.